ओहोटीचे बारा आठवडे

बांबोळीहून परतताना फेरीत ती झोपली नाही.
पोटऱ्यांवरच्या चिकटपट्ट्या मोजत राहिली,
दोन डावीकडे, दोन उजवीकडे,
मग विचारलं, आता माझी टाच खाली येणार?

मी म्हटलं, हो.
डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.
म्हणाले होते, आठवड्याभरात स्नायू सैल पडेल,
अडीच-तीन महिने सैल राहील,
पुढचं तुमच्या हातात.
आणि माझ्या हातांकडे बघितलं,
नखांत चोडणचा चिखल.

मी मानशीवर काम करतो.
भरतीला तिची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात,
आणि बांधाला भगदाड पडलं
तर बुजवायचं ते ओहोटीतच.
पाणी परत येतं. ते येणारच असतं.
हे मला शिकवायची गरज नव्हती,
तरी ज्युलिएता बाईंनी शिकवलं:
गुडघा सरळ, टाच तळहातात,
तळवा वर, ल्हव, ल्हव,
तीस आकडे.

सुलक्षा आकडे चोरते.
अकरानंतर थेट एकोणीस.
मी परत अकरावर आणतो,
ती मला खेकडा म्हणते.
रात्री पायांना प्लास्टिकचे साचे,
पट्टे सोडताना काहीतरी फाटल्याचा आवाज.

पाचव्या आठवड्यात बांध फुटला.
तीन रात्री मी घरी नव्हतो.
चौथ्या दिवशी तिचा पाय हातात घेतला
आणि कळलं.
तिची आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
करायला घेतलं की रडते. सोडून दिलं.
मी काही बोललो नाही.
तिकडच्या बांधाला निदान बारा माणसं असतात.

आता डावा पाय तिचा, उजवा माझा.
आमचे आकडे जुळत नाहीत.
ती चोविसावर, मी सोळावर,
आणि मधे उताणी पडून सुलक्षा
दोघांच्या चुका काढते.

काल न्हाणीतून बाहेर आली, भिंत धरून.
लाल कोब्यावर ओले ठसे,
नेहमीचे, बोटं आणि चवडा,
बोटं आणि चवडा,
आणि एका उजव्या ठशामागे, जरा सुटा,
रुपयाएवढा ओला डाग.
आम्ही दोघं त्यावर वाकलो.
पंखा चालू होता. बघता बघता सुकला.
ती विचारत राहिली, काय सांडलं?

कॅलेंडरवर सव्वीस दिवस उरलेत.
आज ओहोटी तीनला.
तोवर वेळ आहे.
ये गो, पाय दे.
एकपासून.