मंगळवारचा वर्ग, गोळीबार चौक

समाजभवनातली सतरंजी गुंडाळून ठेवली,
आमचे पाय अडकू नये म्हणून.
फिजिओची पोरगी म्हणते,
निखारेबाई, दहा वेळा उठा-बसा.
शाळेत नाही गेली मी,
आता शिक्षा भोगून राहिली.

खुब्यात स्टीलचा खिळा.
एप्रिलात तोच आधी तापते म्हणे,
हेडाऊ सांगतात.
त्यांचा डावा, माझा उजवा,
दोघं मिळून एक धड माणूस.

चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात
पावड्या दाबल्या या पायांनी,
किती कोस चालली असन
जागची न हलता.

आज वॉकर सोडून
खिडकीकडे सात पावलं.
आठव्याला हेडाऊंनी
आपली काठी पुढे केली
अन् स्वतः
भिंत धरून उभे राहिले.