लाईनीतलं शेवटचं घर

उदगीरला, लिंबराजच्या सलूनात, रविवारी
गालाला फेस लावून बसलेला माणूससुद्धा मत देतो.
विषय एकच : आजवरच्या मालिकांत पहिली कुठली?
व्यंकट तलाठी बोटं मोजत सांगतो,
एक ‘काळा दोर’, दोन ‘काळा दोर’चा दुसरा भाग,
तिसरा भाग दहातसुद्धा धरायचा नाही,
त्यात म्हणे खुनी कोण ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.
हुसेनसाब टेलर ‘चार चुली’वर अडलेले.
“सासू मेली त्या दिवशी तीन ब्लाऊज उलटे शिवलो,
त्याच्यापुढं नंबर काय देऊलालाव?”

लिंबराज आरशातूनच माझ्याकडं बघतो,
“मन्मथअप्पा, तुम्ही तर केबलवाले. तुमचा पहिला कोण?”

बावीस वर्षं वायर ओढली मी.
पाहिलं काहीच नाही.
साडेसात ते साडेनऊ कुणाच्या तरी गच्चीवर,
दातात टेप, खांद्यावर वेटोळं, चपला खाली जिन्यात.
मालिका मला फोनवरून कळायच्या.
‘काळा दोर’ अडकला की शिव्या,
‘चार चुली’ला रडकुंडीचे आवाज,
क्रिकेटला थेट दगड.
वही आहे माझ्याकडं, तक्रारींची, तारीखवार.
त्या हिशेबानं ‘चार चुली’ लई पुढं,
हुसेनसाब, चहा सांगा.

पण माझा पहिला नंबर त्या वहीत नाही.

कमरून चाचीचं घर लाईनीत शेवटचं.
बांगड्यांचं दुकान झाकून ती
‘तिसऱ्या मजल्यावरची वकीलीण’ लावायची.
तिच्या पत्र्यावर माझा शेवटचा जोड,
मी वर खटपटत, आणि खालून ती :
“चढूलाली बघ जिना. दम लागलाय बिचारीला.
हिरवं पातळ नेसलीय, मन्मथ बेटा.
हातात फायल नाही, डबा आहे.
आता पोपट बोलला बघ, ऐकलास?”
मी स्क्रू पिळत हं म्हणायचो.
वकीलिणीचा नवरा गेलेला, कुठं ते कुणाला ठाऊक नाही,
ती दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे खटले लढायची
आणि निकालाच्या दिवशी उपाशी राहायची.
एकदा चाची बोललीच नाही कितीतरी वेळ.
मी वरून विचारलं, “काय झालं?”
“काही नाही. खिडकीत बसलीय नुसती.”
पक्कड हातात धरून मीही बसलो,
पत्रा अजून तापलेला होता.

चाची जाऊन नऊ वर्षं झाली.
मागच्या दिवाळीत भाच्यानं मोबाईलवर काढून दिली ती मालिका,
तीन रात्रीत सगळी बघितली.
जिनाच नाही. लिफ्ट आहे.
वकीलीण पंचविशीतली, पँट घालते,
नवरा चाळिसाव्या भागात परत येतो, गाडी घेऊन.
हिरवं पातळ कुठंच नाही.
पोपट तर नाहीच नाही.
पोपट म्हणजे माझ्या लाईनीतली शिट्टी असणार,
चार खांब अलीकडं ॲम्प्लिफायर,
दुसरा बसवायला दोन हजार लागत होते.

तेव्हा आठवलं, एकदा पैसे घ्यायला आत गेलो होतो.
टीव्हीवर नुसत्या मुंग्या.
मधूनच तुटका आवाज, एखादा शब्द, दार वाजल्यासारखं.
हनुवटीला हात लावून ती बघत होती, टक लावून.
“दिसतंय का, चाची?”
“दिसतंय की.”
आणि शंभराची नोट घडी उलगडून दिली.
वहीत तिच्या नावावर एक तक्रार नाही.

तर लिंबराजला म्हणलं, एक नंबर ‘तिसऱ्या मजल्यावरची वकीलीण’.
व्यंकट फिस्सकन हसला, “सहा महिन्यात बंद पडली की ती!
कामून हो? काय होतं तिच्यात?”
“पोपट होता,” मी म्हणलं.
“होता का?” तो जरा थांबला,
“असंल. मला आठवंना.”
लिंबराजनं वस्तरा चामड्यावर दोनदा घासला.
“पुढचं कोण बसूलालंय?”