डावी-उजवी

पीथमपूरच्या यार्डात भिंती आडव्या जन्मतात.
साच्याला तेल, सळ्यांची जाळी, वायरिंगचे पाइप,
वरून काँक्रीट, मग रात्रभर वाफ.
सकाळी गेंदालाल क्रेनने एकेकीला उभी करतो.
माझं काम त्यानंतरचं:
स्टिकर. स्कॅन. पडद्यावरचा चौकोन
पिवळ्याचा हिरवा.

सुपर कॉरिडॉरच्या सातव्या मजल्याला
कुठल्या सकाळी काय लागेल
हे मला आठ दिवस आधी ठाऊक असतं.
ट्रेलर उलटा भरायचा:
जी आधी बसायची, ती शेवटी चढवायची.
आईला हे दोनदा समजावलं.
म्हणाली, डब्यात पोळ्या वर ठेवतो तसं ना?
हो, तसंच.

काल सव्वाअकराला मंडलोईंचा फोन.
"पागनीस मॅडम, भिंत आली,
पण खिडकी जिन्यात उघडतेय."

पडदा पाहिला. हिरवा.
भरली, निघाली, पोचली,
सगळ्यापुढे वेळ, सगळ्यापुढे सही.
बाहेर धावले
तर रॅकमध्ये सात-चौदाची उजवी
निवांत उन्हात टेकलेली,
अंगावर माझ्याच हातचा स्टिकर: डावी.

मंगळवारी मी दोघींच्या मधे उभी होते.
एकीला समोरून पाहिलं असणार,
दुसरीला पाठीकडून.

तिकडे सहा टन हवेत लोंबकळत,
खाली अकरा माणसं मान वर करून,
क्रेनचं भाडं तासावर.
इकडे गेंदालाल तंबाखू मळत म्हणतो,
"मुझे तो लगा था, मैडम."
मग बोलला का नाहीस?
"आपका हरा हो गया था."

यावर मला काही सुचलं नाही.

रात्री रिमार्कचा रकाना उघडला.
लिहिलं, 'लेबल चुकले.'
जणू ते आपलं आपणच
राऊच्या फाट्यावर रस्ता चुकलं.
खोडलं.
'लेबल मी चुकवले. पागनीस.'
आठवडाभर हिरव्या असलेल्या रांगेत
एक चौकोन लाल झाला
आणि का कोण जाणे, मला भूक लागली.

आज स्टिकर हातात घेऊन
मी भिंतीच्या आतल्या अंगाला जाते.
समोर पंख्याच्या बटणांची रिकामी पेटी,
पायाखाली खडी, डोक्यावर आभाळ.
इथे कुणीतरी राहतंय असं धरून चालते
आणि बघते
खिडकी त्यांच्या कुठल्या हाताला येते.

गेंदालाल वरून हॉर्न देतो.
थांब म्हणावं.
अजून पिवळीच आहे.