दुसरं दार

माझगावात, डॉकयार्डच्या भिंतीसमोर
गाळा घेतला त्याला आज अकरा महिने.
भाडं दर एक तारखेला येऊन बसतं
पहिल्या गिऱ्हाइकासारखं,
काही न खाता उठतं
आणि पैसे द्यायच्याऐवजी घेऊन जातं.

सव्वीस वर्षं जहाजावर भंडारी होतो मी.
सांतोस, दरबान, बुसान,
प्रत्येक बंदरात गणवेशातली माणसं गॅलीत शिरली,
फ्रीजरमध्ये डोकावली, शिक्का मारून उतरली.
इथं ई वॉर्डाच्या दुसऱ्या मजल्यावर
लाकडी बाकाला पाठ टेकली
तेव्हा कळलं, नांगर टाकणं म्हणजे काय.

आरोग्य खातं म्हणालं, आधी अग्निशमन आणा.
अग्निशमन म्हणालं, आधी मंजूर नकाशा.
नकाशावाले साहेब ट्रेनिंगला होते,
मग निवडणुकीच्या कामाला,
मग त्यांच्या मुलीचं लग्न. पत्रिका मलाही मिळाली.
गेलो, जेवलो.
मसालेभात खाली लागला होता.
बोललो नाही.

धुराडं गच्चीच्या वर न्यायचं
तर चौथ्या मजल्यावरच्या देवस्थळीबाईंची सही हवी.
त्या म्हणाल्या, मासळीचा वास वर येईल.
म्हटलं, बाई, तुमच्याही वर जावा
म्हणूनच तर धुराडं.
हसल्या. सही नाही केली.
केली, पण रमजान उलटल्यावर,
सांदणांचा डबा धुऊन परत देताना.

रुकय्या रोज दुपारी येते,
न पेटलेली शेगडी पुसते.
म्हणते, "तुमच्या जहाजापेक्षा हे बरं.
निदान बुडताना डोळ्यांना दिसतंय."

गेल्या बुधवारी फायरचे पालव साहेब आले.
टेप लावली, परत लावली.
"परकार, दार एकच.
पस्तीस माणसं बसवणार. धूर झाला तर निघणार कुठून?"

मला राग यायला हवा होता.
बायकोच्या बांगड्या, माझा फंड, मेहुण्याचे दोन लाख,
सगळं त्या एका दारातून आत गेलेलं.
पण इंजिन रूम पेटलेली मी पाहिली आहे,
मलाक्काच्या तोंडाशी, रात्री अडीचला.
शिडी एकच होती.
बावीस जण वर आलो.
तेविसाव्या ताटात मी सकाळी
सवयीनं भात वाढला होता.

म्हटलं, साहेब, दाखवा कुठली भिंत फोडू.

मागची.
नूरइस्लाम गवंड्यानं छन्नी लावली,
तिसऱ्याच घावाला आवाज पोकळ झाला.
विटांमागून सागवानी चौकट निघाली,
कुणीतरी, कधीतरी बुजवलेली,
आणि कपाळपट्टीवर निळ्या रंगात
उडत चाललेली अक्षरं:
खलाशांस उधार मिळेल.

नूरइस्लामला मराठी वाचता येत नाही.
त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला,
शेठ, हा माणूस बुडाला असणार.

पालव साहेब आले, बराच वेळ बघत राहिले.
बोटानं चौकटीवरची धूळ काढली,
आत सुगरणीचं घरटं असावं इतक्या हळू.
मग चष्मा पुसला.
"नकाशात इथं भिंत आहे.
तेव्हा हे दार नवीन धरावं लागेल.
नवीन दाराला वेगळा अर्ज."

तर आज परत भायखळ्याला आलोय.
अर्जात रकाना आहे: दाराचे प्रयोजन.
मी लिहिलं, बाहेर पडणे.
रुकय्यानं पेन ओढून घेतलं,
खोडलं, वर लिहिलं, आत येणे.

खिडकीतला मुलगा म्हणाला, खाडाखोड चालत नाही,
नवा फॉर्म घ्या, पंचवीस रुपये.
माझ्याकडे पाचशेची नोट.
त्यानं खण उघडला, ढवळला, बंद केला.
माझ्या हातावरच्या नांगराच्या गोंदणाकडे बघितलं
आणि फॉर्म पुढे सरकवला.

"राहू द्या काका,
उद्या द्या."