लाल छप्पर

योशिए कानेशिरोच्या वहीतली पहिली नोंद
मार्चमधल्या मंगळवारची:
सात बावीस. एक. ठेंगणं उडतंय.
कपबशी वाजली.

पुढे तिनं कपबशीचं लिहिणं सोडलं.
नुसत्या वेळा. सात चाळीस, सात सत्तेचाळीस,
आठला दोन, एकामागे एक,
भांडण करून घरी निघालेल्या भावांसारखी.

हिलोच्या वरच्या अंगाला, डांबर संपतं
आणि जुना लाव्हा नेच्यांखाली पडून असतो,
तिथे आमची अकरा घरं.
पाणी आभाळाचं, वीज असली तर असली.
शांतता मात्र पैसे मोजून घेतलेली,
निदान जमीन विकणारा तसं म्हणाला होता.

शाळेच्या जेवणघरात सभा भरली.
बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन मोठी माणसं.
कंपनीचा माणूस म्हणाला, डेसिबल मर्यादेत आहेत.
योशिए म्हणाली, माझ्या कोंबड्या बिनकवचाची अंडी घालतात.
तो म्हणाला, चाळीस घरांची चूल यावर पेटते.
मागून कुणीतरी ओरडलं, मग आमच्या डोक्यावर का पेटवता?
नोहेआचा मुलगा तिथेच इंधन भरतो;
ती सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होती.
प्रत्येकाला दोन मिनिटं.
योशिएनं वही उघडली आणि वाचायला लागली,
सात बावीस, सात चाळीस, सात सत्तेचाळीस…
घंटी झाली तेव्हा ती
पहिल्याच गुरुवारी पोचली होती.

रविवारी एक वैमानिक तिच्या व्हरांड्यात आला,
डेल कामाका, हातात चार पपया.
बोलण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं.
तेवढ्यात डोंगराआडून घरघर आली.
हे माझं नव्हे, तो घाईनं म्हणाला.
ठाऊक आहे, ती म्हणाली,
हे वळताना खोकतं.
तो तिच्याकडे बघतच राहिला.
ते खोकणं तो तीन वर्षं मेकॅनिकला सांगत होता
आणि मेकॅनिकला काही ऐकू येत नव्हतं.
मी कुंपणाशी आलं खणत होतो.
मला सगळी सारखीच वाटतात.

निघताना, बूट चढवता चढवता तो सहज बोलून गेला,
वरून तुमचं छप्पर छान दिसतं हं.
एवढ्या हिरव्यात तेवढंच लाल.
आम्ही तिथेच तर वळतो.
मी पाहुण्यांना सांगतो, लाल छप्पर आलं की डावीकडे बघा,
धूर दिसेल.

सोमवारी ती शिडीवर. वय एकाहत्तर.
हिरव्या रंगाचे चार डबे.
शिडी मी धरली, शेजारी म्हटल्यावर धरावी लागते,
आणि वर बघण्याच्या नादात चष्मा हिरवा करून घेतला.
लाल रंग तिच्या नवऱ्यानं दिलेला,
जायच्या आदल्या वर्षी.
तिनं तो खरवडला नाही, वरूनच ब्रश फिरवला.
पन्हळीमागे वीतभर राहू दिला.
खालून दिसतंय का? तिनं विचारलं.
नाही, मी म्हणालो.
दिसत होतं.

आठवडाभर ती वर चाचपडल्यासारखी फिरली.
वहीची पानं कोरी.
कान मात्र अजून सात बावीसलाच जागे होतात, ती म्हणे,
थोडं रागावून.

मग त्यांना नवी खूण सापडली.
माझी पाण्याची टाकी.
निळी. दुकानात राखाडीही होती,
मीच हौसेनं निळी घेतली.

आज सकाळी माझ्या घरात कपबशी वाजली.
बाहेर आलो तर कुंपणावरून
योशिएनं, काही न बोलता, वही पुढे केलेली.
निम्मी उरलीये. पेन्सिल दोऱ्याला बांधलेली.
मी घड्याळ पाहिलं, लिहिलं:
सात तेवीस. एक.

कोणतं हे? मी विचारलं.
तिनं मान तिरकी केली, थांबली.
डेलचं, म्हणाली.
ऐक ना, हळू वळतोय.