प्रतवारी

सावळजच्या शेडमध्ये माझी जागा
पंख्याच्या उलट्या बाजूला, टेबलाच्या कडेला,
जिथं बेदाणा शेवटचा येतो.
हिरवा लांब इकडे, पिवळा तिकडे,
काळा पडलेला, चेपलेला, देठ राहिलेला
मांडीजवळच्या पाटीत.
एकोणीस वर्षं हेच. बोटं बघतात,
डोळे नुसते सोबतीला.

आता दिल्लीत कुणाच्या तरी बोटांखाली
आमचा तेजा आहे.

भोपाळला पाच दिवस राहून आला,
छातीवर एकवीस नंबर लावून.
काय विचारलं रे तिथं?
म्हणाला, आई काय करते, हे विचारलं.
मग?
"सांगितलं, निवडते."
साहेब हसले म्हणे.
चांगलं हसले का वाईट, ते त्याला कळलं नाही,
आणि मी त्या हसण्यावर तीन रात्री काढल्या.

पुण्यात डॉक्टरांनी उभा करून बघितला.
गुडघ्याला गुडघा लागतो का,
दात किती, रंग ओळखतो का,
कानातला मळ काढून ये म्हणाले.
त्याच कानात मी
पळीतलं कोमट तेल सोडायचे, तो झोपल्यावर.

त्याला बावन्न दिवस झाले.
नानासो मोजत नाहीत, असं म्हणतात.
पण पेटीवर लॉट टाकायच्या खडूनं
शेडच्या तिसऱ्या खांबावर
त्याचा रोल नंबर लिहून ठेवलाय.
हमाल विचारतात, हा कुणाचा माल?
"जायचाय," म्हणतात.

सौदा बरा.
व्यापारी मूठ उचलतो, फुंकर मारतो, आकडा बोलतो,
पटलं तर द्यायचं,
नाहीतर पेटी परत कोल्ड स्टोरेजला,
दिवाळीला बघू.
पोराला कुठं ठेवायचं दिवाळीपर्यंत?
गावात रोज कुणीतरी विचारतंच:
लागला का निकाल, लागला का.
किराणावाल्यानं तर पेढ्याची ऑर्डर लिहून घेतली,
खोडता येईल अशा पेन्सिलीनं.

तासगावच्या बाजारातून मी
सहा पांढरी बनियनं आणलीत.
जाऊबाई म्हणतात, आधी आणू नये काही.
बेदाण्याच्या रिकाम्या पेटीत तळाशी ठेवलीत.
आणि बनियनच तर आहे,
नाही झालं तरी घरी चालतं.

एक सांगते, कुणाला बोलू नका.
परवा रात्री मनात आलं,
यादीत नाहीच त्याचं नाव,
आणि पोटात जरा गार वाटलं.
इथंच राहील. रात्री दार वाजवेल.
ताटात भाकरी टाकताना
अजून एक? असं विचारता येईल.
मग उठले, मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली.

सकाळी बघितलं,
नानासोंचा मोबाइल चार्जरला लावलेला,
भिंतीवरचं बटण मात्र बंद.
काल पण तसंच.
मी बटण दाबलं नाही. ते काही बोलले नाहीत.

तेजा पहाटे पाचला मणेराजुरीच्या फाट्यापर्यंत पळून येतो,
घामेजलेला, माझ्या पाटीतून मूठ भरतो.
अरे, चांगला घे की तिकडचा.
"हाच गोड असतो."
असतो. मला माहीत आहे.
भाव नसतो, एवढंच.

आज दुपारी साइट उघडत होती,
म्हणजे अर्धी उघडत होती,
गोल फिरत राहिलं. पोरानं फोन बापाकडे दिला
आणि पाणी प्यायला गेला, बराच वेळ.
तेवढ्यात वारं सुटलं.
जाळ्यांवर अठरा दिवसांचा माल,
कागद फडफडून बांबूवरून सुटायला लागला,
बायका ओरडत धावल्या, मी एक दोरी धरली,
नानासोंनी दुसरी,
तेजा वर चढला, पाय खांबाला मिठी मारून.

आणि नानासोंच्या खिशात
फोन वाजायला लागला.

दोन्ही हात दोरीला.
एकदा वाजून थांबला. परत वाजला.
मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी वर बघितलं,
वरून तो ओरडला,
"कुणाचा आहे?"

"असू दे," नानासो म्हणाले,
"आधी तो कोपरा बांध."