उजवा तसाच ठेवा

पश्चिम जटलंडमध्ये, जिथे वारा
झाडांना एकाच बाजूला वाढू देतो,
डुकरांच्या जुन्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप आहे.
सहा माणसं, दोन भट्ट्या, गळकं कॉफीचं यंत्र
आणि रेशमाचे तागे.

हे रेशीम कुणाच्या अंगाला लागत नाही.
कापायचं, ताणायचं, तापल्या साच्यावर दाबायचं,
एकवीस सेकंदांत त्याला पोट येतं:
अठ्ठावीस मिलिमीटरचा घुमट.
त्याच्याजवळ शिंकायचं नाही,
ही इथली पहिली शिकवण.

पण नुसतं रेशीम विरविरीत.
हवा आरपार जाते, सूर जागीच राहतो.
म्हणून रॅग्नहिल ब्रश घेते.
पहिला हात पातळ, दुसरा त्याहून पातळ,
तिसरा द्यायचा की नाही
हे ती खिडकीबाहेर बघून ठरवते.
जास्त झाला तर घुमट जड, झांजेची शेपटी तुटते.
कमी पडला तर गाणाऱ्या बाईचा
प्रत्येक ‘स’ फणा काढतो.
डब्यात काय कालवते, चौतीस वर्षांत
तिनं नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.
नवरा म्हणजे टॉर्किल. आराखडे त्याचे.

कॉइल बसवणं माझ्याकडे.
केसाएवढी तार, दोन थरांत गुंडाळलेली,
चुंबकाच्या फटीत उभी राहिली पाहिजे,
परक्या घरात पाहुणा उभा राहतो तशी,
कशालाही न टेकता.
पाठीमागे एक पोकळी, तिच्यात लोकरीचा नमदा,
कारण आवाज जेवढा पुढे जातो तेवढाच मागेही जातो
आणि मागच्याला कुठेतरी
मरायला जागा द्यावी लागते.

टॉर्किलला आता दहा हजारांच्या वरचं
काही ऐकू येत नाही.
ज्या पट्टीपायी केस पिकवले
ती त्याला आलेखावर तेवढी दिसते.
विचारलं तर म्हणतो,
माझ्या वतीनं कुत्रा ऐकतो.

दुरुस्तीला येतात त्यांचा आजार बहुधा एकच:
मधोमध खळगा.
घुमट दिसला की बोटाला राहवत नाही.
मोठ्यांच्याही. चिठ्ठीत मात्र पोराचं नाव असतं.
आम्ही जरा ऊब देतो, नळीनं हवा ओढतो,
टप् करून घुमट वर येतो,
पोराचा गुन्हा माफ.

मार्चमध्ये फेरो बेटांवरून खोकं आलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ट्वीटर,
चिठ्ठीत दोन ओळी:
डावा फाटलाय, नवा घुमट बसवा.
उजवा तसाच ठेवा.
खाली सही, हानुस.

उजव्यात खळगा होता.
माझ्या करंगळीचं टोक त्यात मावत नव्हतं.
टॉर्किलनं मायक्रोफोन लावला:
नऊ हजारांवर अडीच डेसिबलची दरी.
म्हणाला, जोडी जुळणार नाही, फोन करून विचारू या.
रॅग्नहिल म्हणाली, नको.
टॉर्किलनं उचललेला फोन
तसाच खाली ठेवला.

नव्या घुमटाला बोट लावायला ती तयार नव्हती.
तिनं हात वाकडा दिला.
एका कडेला दाट, मध्ये जवळजवळ कोरडं,
मग वाळवणं, मोजणं, बाजूला फेकणं.
चार दिवस. डबा दोनदा संपला.
कधी दरी सात हजारांवर, कधी दरीऐवजी डोंगर.
अकराव्या घुमटात ती सापडली,
साधारण तिथेच, साधारण तेवढीच.
वरून गुळगुळीत, कुठे काही नाही,
आतून मात्र दाबल्यासारखा गाणारा.

मी उजव्यावरची धूळ झटकायला गेलो.
तिनं माझं मनगट धरलं.

बिलात लिहिलं: घुमट, नग एक.
सोबत काही चिठ्ठी घातली नाही.
त्याच्याकडूनही पैसे आले, पत्र आलं नाही.

उरलेले दहा खिडकीत मांडून ठेवलेत,
येणाऱ्या-जाणाऱ्यानं दाबावेत म्हणून.
आजवर सहा दाबले गेले.
त्यातले दोन माझे.